माशांचे ट्रिपॅनोसोम वाढवण्यासाठी रबाळ्याहून येणारं फीटल बोवाइन सीरम

मरळ, मागूर या माशांच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम, म्हणजे एकपेशीय परजीवी, प्रयोगशाळेत वाढवायला हे सीरम (गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातला पेशीविरहित द्रव) उत्तम. रबाळे एमआयडीसीतला पुरवठादार ते कोरड्या बर्फात, कडक गोठलेलंच पोचवतो, हे फार मोलाचं. रात्रभर ४ अंशांवर वितळवा, ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवून कॉम्प्लिमेंट (परक्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं) निकामी करा आणि छोट्या नळ्यांत भरून पुन्हा गोठवा. सतत वितळवलं की गाळ धरतो. एल-१५ या तयार पोषक द्रावणात, म्हणजे माध्यमात, १० टक्के घाला, तापमान २५ अंश. इथल्या उकाड्यात बीओडी इन्क्युबेटर (आतलं तापमान थंड करून स्थिर ठेवणारं कपाट) हवाच. माध्यम गढूळ झालं तर सीरमला दोष देण्याआधी माशाच्या कातडीवरची बुळबुळ आठवा: जिवाणू बहुधा तिथूनच येतात. रक्त काढायला सुई टोचण्यापूर्वी शेपटीची जागा ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. तक्रार एकच, ५०० मिलीपेक्षा लहान बाटली मिळत नाही.