सशाचा ट्रे, सुकं गवत आणि आमचा सोफा: आठ महिन्यांचा अनुभव

आमची सशीण कापशी घरी आली तेव्हा चार महिन्यांची होती. पहिल्याच आठवड्यात तिने सोफ्याचा डावा कोपरा धरला. रोज तीच जागा. टुणकन वर चढायची, शेपटी किंचित उचलायची आणि काम आटोपून उतरायची. लेंड्यांचं मला काही वाटत नव्हतं. त्या कोरड्या असतात, वास येत नाही, झाडूने गोळा होतात. खरा त्रास लघवीचा. सशाची लघवी दाट आणि उग्र वासाची असते, गादीत खोल मुरते आणि वाळली की पांढरट खर धरते.

पिंजऱ्यासोबत दुकानदाराने लेंड्या-लघवीसाठी कोपऱ्यात बसणारा तिकोनी ट्रे दिला होता. तो घेऊ नका. ससा वाढला की त्यात फक्त त्याचं बूड मावतं, आणि सशांना ट्रेमध्ये नुसतं येऊन जायचं नसतं, तिथे निवांत बसायचं असतं. त्यावर प्लास्टिकची जाळीही होती, ती मी काढून टाकली. सशाच्या तळपायाला मांजरासारखी गादी नसते, केसच असतात, त्यामुळे जाळीवर बसून बसून पाय सोलवटतात. सध्या मोठ्या मांजरासाठी मिळतो तो आयताकृती ट्रे वापरते. कापशी त्यात पूर्ण आडवी होते. मागची बाजू उंच असलेलाच निवडला, कारण ती लघवी करताना मागचा भाग उचलते आणि बुटक्या कडेवरून सगळं बाहेर जातं.

पण नुसता ट्रे बदलून फरक पडला नाही. फरक पडला सुक्या गवताची जागा बदलल्यावर. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, दोन्ही कामं एकत्र चालतात. मी गवत एका कोपऱ्यात आणि ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवत होते, म्हणजे मीच तिला दोन जागा देत होते. गवताचं स्टँड ट्रेच्या कडेला असं लावलं, की खायला ट्रेमध्येच बसावं लागेल. चार दिवसांत बहुतेक लेंड्या ट्रेमध्ये पडायला लागल्या. कुणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन.

ट्रेमध्ये काय घालायचं, यावर मी बरेच प्रयोग केले. कागदाच्या दाबलेल्या गोळ्या सगळ्यांत बऱ्या वाटल्या. ओल धरतात, धूळ नाही, आणि तिने एखादी चघळली तरी जिवाला घोर लागत नाही. भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या गोळ्याही चालतात, वास जास्त दाबतात, फक्त भिजल्यावर त्यांचा भुसा होतो आणि पायांना चिकटून घरभर फिरतो. मांजरांसाठीची गोळे धरणारी माती मात्र अजिबात नको. ससा ती खातो, ती पोटात फुगते आणि आतडं अडतं. पाइन किंवा सीडरचा कच्चा भुसाही टाळा, त्यातला सुगंधी अर्क यकृताला बाधतो. ट्रे रोज रिकामा करते, पण धुऊन लख्ख करत नाही. मूठभर जुन्या गोळ्या मागे ठेवते, म्हणजे जागेची खूण तिला वासावरून पटते.

आता नसबंदी. याबद्दल मी फार घाबरले होते. एवढासा जीव, त्याला भूल द्यायची! पण वयात आल्यावर ससे लघवीने हद्द आखतात, आणि ती ओढ शिकवून जात नाही. शिवाय नसबंदी न केलेल्या माद्यांना पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा माझा निर्णय झाला. ती सहा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. सशाला उलटी होत नाही, म्हणून आधी उपाशी ठेवत नाहीत, आणि नंतरही लवकरात लवकर खायला लावावं लागतं. त्या रात्री तिने गवताची पहिली काडी तोंडात घेतली तेव्हा मला रडू आलं. सोफ्यावर चढणं लगेच थांबलं नाही, हॉर्मोन्स ओसरायला काही आठवडे गेले.

तेवढे दिवस ती जाळीच्या कुंपणात राहिली. आत ट्रे, गवत, पाणी. सलग आठवडाभर चूक झाली नाही की कुंपण थोडं पुढे सरकवायचं. अख्खं घर मोकळं मिळायला दोन महिने लागले. सोफ्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात करून तीन वेळा फिरवलं. व्हिनेगरने खर विरघळते आणि वासही जातो. अमोनियाचं क्लीनर वापरू नका, सशाला त्यात लघवीचाच वास येतो. गादीखाली आता वॉटरप्रूफ कव्हर आहे.

ती घरी आल्यानंतरच्या सहाव्या महिन्यात मात्र सगळं उलटलं. जागोजागी थेंब थेंब लघवी, पांढरी आणि चिकट. मी तिच्यावर ओरडले. ते अजून मनाला लागून आहे, कारण ती आजारी होती. एक्स-रेमध्ये मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ दिसला. अन्नातलं जादा कॅल्शियम ससे लघवीवाटे टाकतात, आणि मी मोठ्या सशीणीला अजून लहानपणीची, भरपूर कॅल्शियम असलेली लसूणघासच घालत होते. सलाइन, वेदनाशामक, साधं गवत, आणि बाटलीऐवजी पाण्याचं पसरट भांडं. पंधरा दिवसांत ती पुन्हा ट्रेवर आली. तेव्हा ट्रेला सरावलेला ससा अचानक बाहेर करू लागला, तर आधी डॉक्टर गाठा.

आज आठ महिने झाले. लघवी शंभर टक्के ट्रेमध्ये. पाहुणे येऊन गेले की उंबऱ्यापाशी पाच-सहा लेंड्या सापडतात, इथे मी राहते हे सांगायला टाकलेल्या. त्या मी पुसून टाकत नाही. उचलून ट्रेमध्ये ठेवते, आणि ती शेजारी बसून नीट बघते.