६५० वॉटचा एसएमपीएस आणि साइन वेव्ह यूपीएस : एक पावसाळा काढल्यानंतर

हा दोन वस्तूंचा अनुभव आहे. एक ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा ६५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा; दुसरा १००० व्हीए क्षमतेचा प्युअर साइन वेव्ह यूपीएस, म्हणजे बॅटरीवरही भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. एसएमपीएस उन्हाळ्याच्या शेवटी बसवला, यूपीएस पावसाळा सुरू झाल्यावर. आता दिवाळी झाली, म्हणजे कोल्हापूरचा पावसाळा दोघांनी काढला. दोन्ही चांगले निघाले. पण अचानक बंद पडणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला या दोन्ही लागतील असं नाही, म्हणून आधी आजार कसा सापडला ते सांगतो.

मशीन भाच्याने आणि मी घरीच जोडलेलं. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० टीआय, ३२ जीबी रॅम. काम लग्नाच्या व्हिडिओंचं, डाविंची रिझॉल्व्हवर. एसएमपीएस आणि यूपीएस आधीच्या कॉम्प्युटरचे होते, तेव्हा ग्राफिक कार्ड नव्हतं. घर मंगळवार पेठेत, जुन्या वायरिंगचं.

लक्षण एकच वाटायचं: स्क्रीन काळी, पंखे बंद, सगळं गप्प. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद. ती बघून लोक एसएमपीएस बदलायला धावतात. प्रत्यक्षात त्या नोंदीचा अर्थ इतकाच की विंडोज नीट शटडाउन न होता मशीन बंद पडलं किंवा रीस्टार्ट झालं. वीज गेली तरी तीच नोंद, कुणी वायर उपटली तरी तीच. आत बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला क्रॅशचा कोड टिपायलाही सवड मिळाली नाही, एवढं कळतं. बस्स.

खरी खूण भाच्याने पकडली. “मामा, मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय हे उठतच नाही की!” कधी समोरचं बटण दाबलं की मशीन निमूट सुरू व्हायचं. कधी मात्र कितीही दाबा, काही नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागायचं, मगच जीव यायचा. कॉम्प्युटर बंद कधी पडला हे सगळेच सांगतात. तो परत कसा सुरू झाला हे कुणी सांगत नाही, आणि निदान तिथेच दडलेलं असतं.

एसएमपीएसमध्ये संरक्षणाची सर्किटं असतात: जास्त करंट, जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, शॉर्ट. त्यातलं एखादं चाललं की बहुतेक एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतात, आणि मागची वीज तोडल्याशिवाय ते कुलूप निघत नाही. समोरच्या बटणाने लगेच सुरू झालं, तर संशय दुसरीकडे न्यायचा: भिंतीतली वीज, यूपीएस, सैल वायर, प्रोसेसरचं तापमान किंवा खुद्द ते बटण.

बटण आणि तापमान लवकर सुटले. कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर मदरबोर्डवरून काढली, त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून मशीन सुरू केलं आणि तसंच चालवलं. दमट हवेत स्वस्त बटणं चिकटतात, म्हणून ही तपासणी फुकटात करून घ्यावी. तरीही मशीन बंद पडलं, म्हणजे बटण निर्दोष. तापमान सत्तरीच्या पुढे जात नव्हतं.

आता कुलूपवाला प्रकार. तो नेमका रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवणं, सुरू होताना व्हायचा. एकदा रेंडर चालू झालं की तासभर काही नाही. मल्टिमीटर लावला, पिवळी वायर आणि काळी वायर. वाचन १२.१ व्होल्ट, अगदी स्थिर. एटीएक्स या एसएमपीएसच्या प्रमाणित मापाप्रमाणे ११.४ ते १२.६ मध्ये असलं की ठीक, म्हणजे कागदावर सगळं छान. पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. ग्राफिक कार्ड कामाला लागताना काही मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ जो झटका घेतं, तो त्याला दिसतच नाही. आरटीएक्स ३०६० टीआयचा आकडा २०० वॉटचा, पण क्षणिक ओढ त्याच्या बरीच वर जाते. पुढे २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये असे झटके पेलण्याची अटच घातली गेली.

जुन्या एसएमपीएसच्या अंगावर ५०० वॉट लिहिलेलं होतं. लेबल मात्र नीट वाचायला हवं: १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवरच असते. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टचे, ते इथे कुणाच्या कामाचे? ओसीसीटी या भार टाकून तपासणाऱ्या प्रोग्रॅमची पॉवर टेस्ट लावली आणि ती सुरू होताक्षणी मशीन गेलं. परत कुलूप.

नवा एसएमपीएस राजारामपुरीतल्या एका दुकानातून घेतला. १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा, टिकाऊपणाची हमी नव्हे. दुकानदार तो ज्या थाटात दाखवतात त्यावर जाऊ नका. बसवल्यापासून कुलूप एकदाही लागलेलं नाही. पंखा बहुतेक वेळ ऐकूच येत नाही. तक्रार एकच: २४ पिनांची केबल फार ताठ आहे, छोट्या कॅबिनेटमध्ये वळवताना बोटं दुखतात. मोड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्क जळते. आणि जुना उघडून बघायची हौस तर अजिबात नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३५०-४०० व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

एवढं करूनही जूनमध्ये मशीन दोन-तीनदा गेलंच. या वेळी समोरच्या बटणाने लगेच सुरू. पाऊस, वारा, लाइटची उघडझाप, आणि तेव्हाच.

वायरमन आले, बोर्ड बघितला आणि निकाल देऊन मोकळे: “अहो दादा, अर्थिंगच नाही तर कॉम्प्युटर टिकंल व्हय?” अर्थिंग खरंच नव्हतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. एसएमपीएसच्या इनपुट फिल्टरमधून किंचित करंट बॉडीवर येतो, त्याला जमिनीची वाट मिळाली नाही की असं होतं. पाइप पुरला, मीठ-कोळसा घातला, मुंग्या गेल्या. जिवासाठी ते करायलाच हवं होतं. पण मशीन तरीही बंद पडलं. आपल्याकडे अर्थिंगवर नको ते सगळे आळ येतात.

मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हे ‘पॉवर ऑन’ वर ठेवलं. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाहेरची वीज तुटून परत आली तर मशीन आपोआप उठतं. दोष आतला असेल तर सहसा पडून राहतं. पुढच्या सरीत लाइट क्षणभर मिचकली, मशीन गेलं आणि यूपीएस पुन्हा चालू करताच बटण न दाबता उठलं. चोर यूपीएस.

तो ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटचा. रेंडर चालू असताना मॉनिटर धरून भार त्याच्या आसपास जायचा. शिवाय आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हातारी झालेली. नुसती मोजली तर १२.७ व्होल्ट, भार पडताच दहाच्या खाली. यूपीएसची बॅटरी भाराखाली मोजल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. चांगला एसएमपीएस पूर्ण वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढीही उसंत नाही. त्याच्या आत यूपीएसने भार उचललाच पाहिजे.

नवा १००० व्हीएचा, ६०० वॉटचा. साइन वेव्ह मुद्दाम घेतला, कारण अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वेव्हवर बंद पडतात. सगळेच पडत नाहीत, पण किमतीतला फरक देऊन तो प्रश्न मिटवला. जुलै-ऑगस्टमध्ये लाइट रोज उघडझाप करायची आणि रेंडर चालूच राहायचं. रेंडरवर सात-आठ मिनिटं मिळतात, साध्या कामावर अर्धा तास तरी. सेव्ह करून बंद करायला पुष्कळ.

वाईट म्हणाल तर तो जड आहे, बॅटरीवर गेला की पंखा घोंघावतो, आणि रात्री त्याची पीप-पीप घर उठवते. आवाज बंद करायची सोय आहे, पण वीज गेली की ती सेटिंग प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, त्याचा हीटर एका दमात फार ओढतो. आणि ग्राफिक कार्ड नसलेलं, हिशेब-टायपिंगचं मशीन असेल तर हा खर्च करूच नका. आधी आहे त्या यूपीएसची बॅटरी बदलून बघा.

जुना ६०० व्हीएचा मी टाकला नाही. नवी बॅटरी घालून राउटर आणि दारावरच्या कॅमेऱ्याला लावलाय, तिथे तो निवांत चालतो.