ओबीडी स्कॅनर आठ महिने वापरून झाला, त्याचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. गाडी तशी नीट चालत होती, फक्त उभी असली की आरपीएम जरा खालीवर व्हायचा. गॅरेजवाल्याने स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, पी०१७१ कोड आलाय म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) गेला, बदलूया. बदलला. दिवा गेला, चार दिवसांनी परत हजर. मग वैतागून स्वतःच ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर मागवला, म्हटलं बघू तरी गाडी काय बोलतेय ते.

लावायला काहीच अक्कल लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा, इग्निशन ऑन, फोनवर अ‍ॅप उघडायचं की झालं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड देण्याची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं आणि नंतर बाकीकडेही आलं, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, इंजिनचे मुख्य कोड सारखेच निघतात. पण घेताना बघून घ्या, ईएलएम३२७ (स्कॅनरमधल्या मूळ चिपचं नाव) छापलेले बरेचसे नकली चिपचे असतात, माझा पहिला तर गाडीशी बोलायलाच तयार नव्हता, तो परत केला. आणि आयफोन असेल तर जुन्या साध्या ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) लिहिलेला घ्या.

आता पी०१७१ चं. याचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. सेन्सर खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही, उलट बरेचदा बिचारा सेन्सर खरं सांगत असतो आणि आपण त्यालाच काढून फेकतो! मी लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम उघडलं. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा, शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म हळूहळू सरकतो, दोन्ही मिळून साधारण अधिक-उणे १० च्या आत असलं की ठीक. माझं उभ्या गाडीत अधिक २४ होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरलं तर ते उतरून ६ वर आलं. इथेच चोर सापडला, कारण कुठून तरी चोरून हवा आत येत असेल तर इंजिन मंद चालताना तिचा वाटा मोठा पडतो, वेग वाढला की एकूण हवाच इतकी होते की ती चोरीची हवा किरकोळ ठरते. गाडीतला पेट्रोल ढकलणारा पंप किंवा फिल्टर दमला असता तर उलट झालं असतं, आरपीएम आणि लोड वाढवल्यावर ट्रिम वर गेलं असतं. मग टॉर्च घेऊन सगळे रबरी पाइप चाचपत बसलो, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) मागे एका पाइपला कोपऱ्यात चीर, दिसत नव्हती, वाकवल्यावर तोंड उघडायची. पाइप बदलला, ट्रिम ३ वर. जुना सेन्सर मी टाकला नव्हता, तो अजून डिकीत आहे.

माझा गाढवपणा पण सांगतो. मधे गाडी धक्के मारायला लागली, पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही), आणि मी हौसेने लगेच क्लिअर दाबलं. कोड पडतो त्या क्षणाचा आरपीएम, तापमान, लोड असं सगळं फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेलं असतं, ते गेलं की. वर रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या प्रदूषण यंत्रणेच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) शून्यावर येतात, ते पूर्ण व्हायला गाडी परत काही दिवस वेगवेगळ्या प्रकारे चालवावी लागते, तोवर जिथे प्रदूषण तपासणीत ओबीडी बघतात तिथे नेलीत तर अडकाल. नऊ दिवस थांबलो तेव्हा कुठे तो कोड परत आला. या वेळी आधी स्क्रीनशॉट, मग दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. संध्याकाळी पी०३०३, म्हणजे आता मिसफायर तिसऱ्यात. कॉइलबरोबर दोष पण सरकला, विषय संपला. दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकायला लागला तर मात्र असले प्रयोग करत गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो तापून बाद होतो.

तक्रारी दोन. एक, स्कॅनर सॉकेटमध्ये विसरलो आणि गाडी तीन आठवडे उभी, बॅटरी झोपली, कारण १६ नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही करंट चालू असतो (बॅटरी पण जुनी होती म्हणा). दोन, एबीएस आणि एअरबॅगचे कोड हा स्वस्तातला स्कॅनर वाचत नाही, ते दिवे लागले की गॅरेज गाठावंच लागतं.

अ‍ॅपमधले घड्याळाचे काटेबिटे दोन दिवस बघितले, नंतर कोण बघतंय.

सध्या पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड) पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेला, बसलाय, दिवा अजून लागलेला नाही. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ खरं तर जवळजवळ सरळ हवा, माझा पुढच्यासारखाच वरखाली नाचायला लागलाय. कन्व्हर्टर महाग प्रकरण, त्यामुळे आधी एक्झॉस्ट कुठे लीक आहे का ते बघणार, रविवारी गाडी स्टँडवर घेतोय.