कवटीच्या ऑपरेशननंतर डोळा तिरळा: लगेच सरळ करायचा की थांबायचं?

क्रूझोन किंवा एपर्ट सिंड्रोम असलेल्या लेकराच्या कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात. मागे बहुतेकदा एफजीएफआर२ जनुकातला बदल असतो. मायनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं, असं गावात कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे.

कवटीच्या ऑपरेशनमध्ये मेंदूला जागा करून देताना कपाळाचं हाड आणि डोळ्याच्या खोबणीचा वरचा काठ पुढे घेतात. डोळा फिरवणारा एक स्नायू त्याच काठाच्या आतल्या कोपऱ्यातून वळून जातो. विहिरीवरची चाकी सरकली की दोर तिरपा ओढतो, तसं इथं होतं. त्यात या मुलांच्या खोबण्या मुळातच उथळ. म्हणून नवं तिरळेपण दिसतं, किंवा जुनं वाढतं.

डोळ्याचं ऑपरेशन लगेच केलं तर चेहरा लवकर सुधारेल, सोयरेधायरे बोलायचे थांबतील. पण सूज ओसरेपर्यंत आणि हाड बसेपर्यंत तिरळेपणाचं माप बदलत राहतं. आज जुळवलेला डोळा पुढे पुन्हा सरकू शकतो. एपर्टमध्ये तर काही स्नायू जागेवर नसतात, क्वचित नसतातच, म्हणून आधी स्कॅन पाहावा लागतो. थांबलात तर साधारण सहा महिने जातात, लागोपाठच्या तपासण्यांत माप सारखं येईपर्यंत. कवटीतल्या दाबानं नस दबून डोळा नाकाकडे वळला असेल, तर दाब उतरल्यावर एवढ्या काळात तो आपसूक सुधारूही शकतो.

माझं मत थांबण्याकडेच आहे. मात्र चष्मा आणि पट्टी एक दिवसही थांबवू नका. तिरळ्या डोळ्याचं चित्र मेंदू बाजूला सारतो, आणि सात-आठ वर्षांनंतर ती नजर परत आणणं फार अवघड जातं. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, किती तास ते डॉक्टर सांगतील. मे महिन्यात घामानं ती निघते. चष्म्यावर कापड लावलं तर पोरगं कडेनं पाहतं. कातडी पुसून, कोरडी करून, सकाळच्या थंड वेळात लावा. झोपेत पापणी पूर्ण मिटत नसेल तर मलमाचंही विचारा.

डोळा अचानक वळला आणि सोबत उलट्या, सकाळची डोकेदुखी किंवा सुस्ती असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. शेतातली वेचणी राहू द्या.

एरवी महिन्याला एक फोटो काढा: मान सरळ, नजर समोर. कवटीच्या ऑपरेशनच्या आधीचा फोटो आणि डिस्चार्ज कार्ड तपासणीला जाताना सोबत ठेवा.