एक लेन्स, दोन बॉड्या: निकॉन एफएम२ आणि डी७५०, आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव दोन कॅमेरा बॉड्यांचा आहे, लेन्स मात्र एकच: निक्कोर ५० मिमी एफ/१.८डी. फिल्मसाठी निकॉन एफएम२, १९८४ नंतरची, १/२५० फ्लॅश सिंकवाली (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड १/२५० सेकंद). डिजिटलसाठी निकॉन डी७५०, २०१४ साली आलेली, २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर). लेन्स एकच ठेवली की काचेचा वाद मिटतो आणि तुलना खऱ्या फरकाची होते. आठ महिन्यांत एफएम२मधून २२ रोल गेले: १५ इलफर्ड एचपी५ प्लस (कृष्णधवल, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ४००), ७ कोडॅक गोल्ड २०० (रंगीत). त्यात पूर्ण पावसाळा आला, हे महत्त्वाचं.

निकाल आधीच सांगायचा तर: पहिला कॅमेरा डिजिटलच घ्यावा. फिल्म घ्यायची तर कृष्णधवल रोल घरी धुवायची (डेव्हलप करायची) तयारी ठेवूनच घ्यावी. रंगीत रोल लॅबला द्यायचे आणि मेलवर स्कॅन मागवायचे, एवढाच बेत असेल तर तो पैशांचा अपव्यय आहे. का, ते पुढे येईलच.

लेन्स एका बॉडीवरून दुसऱ्या बॉडीवर नेताना पहिल्या आठवड्यात एक चूक हमखास होते. या लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करायची कडी आहे. डी७५०वर ती एफ/२२ वर नेऊन शेजारची बारीक खिट्टी सरकवून अडकवावी लागते. नाही अडकवली तर पडद्यावर एफ-ई-ई ही अक्षरं लुकलुकतात आणि शटर दबतच नाही. एफएम२वर नेताना तीच खिट्टी सोडवायची. ती राहिली तर एफएम२ काहीच तक्रार करत नाही. उजेड मोजणारा मीटर उणे, म्हणजे उजेड कमी, दाखवत राहतो, आणि माणूस शटर स्पीड कमी करत करत भर उजेडात १/३० वर येऊन पोचतो. हातात लेन्स असतानाच खिट्टी बघायची, बॉडीवर चढवल्यावर नाही.

याच कारणाने नव्या जी मालिकेतल्या लेन्स एफएम२साठी कुचकामी आहेत; त्यांना कडीच नसते. उलट टोकाला, १९७७ मध्ये एआय पद्धत (लेन्सचं ॲपर्चर मीटरला आपोआप कळवणारी) येण्याआधीच्या आणि नंतर बदलून न घेतलेल्या लेन्स एफएम२वर चढवू नयेत, माउंटजवळच्या बारीक दांडीला धोका होतो. आणि डी लेन्सची फोकसची कडी ऑटोफोकससाठी बनवलेली, म्हणून सैल आणि जराशा फिरवण्यात टोक गाठणारी. एफएम२च्या दुभंगलेल्या वर्तुळात दोन अर्धी चित्रं जुळवताना ती सारखी पुढे निसटते. फिल्मच जास्त वापरणार असाल तर ५० मिमीची जुनी एआय-एस लेन्स घ्या. तीही डी७५०वर चालते. मेनूत फोकल लेंग्थ आणि कमाल ॲपर्चर भरलं की मीटरही चालतो. फोकस मात्र हाताने.

एफएम२चं शटर पूर्ण यांत्रिक आहे. दोन एलआर४४ सेल लागतात ते फक्त मीटरला. सेल संपले तरी १ सेकंदापासून १/४००० पर्यंत सगळे स्पीड चालतात. एक गंमत अशी की तीस वर्षांनी आलेल्या डी७५०चा कमाल स्पीडही १/४०००च आहे, आणि फ्लॅश सिंक तर १/२००. सेल घेताना एलआर४४पेक्षा चांदीचे एसआर४४ घ्यावेत. साध्या सेलचा विद्युतदाब हळूहळू उतरतो, एसआर४४चा शेवटपर्यंत टिकून मग एकदम बसतो, त्यामुळे मीटर फसवत नाही.

आता रोल भरणं. कॅमेऱ्यातला सगळ्यात जास्त नुकसान करणारा क्षण हाच. डावीकडचा नॉब वर ओढून मागचं झाकण उघडायचं, रोल बसवायचा, फिल्मची जीभ उजव्या गुंडाळीच्या खाचेत खोवायची, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसली याची खात्री करायची. झाकण लावण्याआधी नॉब हलकेच फिरवून रोलमधला ढिलेपणा काढायचा. मग झाकण लावून दोन-तीन फोटो वाया घालवायचे, आकडा १ वर येईपर्यंत. या वेळी नजर आकड्यावर नको, डावीकडच्या नॉबवर हवी. लिव्हर ओढल्यावर नॉब उलटा फिरला तर फिल्म सरकते आहे. नॉब स्तब्ध असेल तर जीभ निसटली आहे. आकडा मात्र ३६ पर्यंत शिस्तीत चढत जातो आणि रोल कोराच निघतो. शेवटी लिव्हर अडली की जोर लावायचा नाही, तळाचं बटण दाबून गुंडाळायचं. आयएसओची खिडकी शटरच्या चकतीतच आहे, कडा उचलून फिरवायची. ४०० वरून २०० चा रोल भरला आणि ती फिरवायची राहिली, असं दर पाच-सहा रोलमागे एकदा होतंच. रोलच्या खोक्याचा तुकडा कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवून ठेवणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

उजेडाच्या बाबतीत दोन्ही कॅमेरे एकमेकांच्या उलट वागतात, आणि दोन्ही एकत्र वापरणाऱ्याची खरी पंचाईत इथे होते. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहज पचवते, दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त झाले तरी फोटो निघतो. कमी उजेड पडला तर सावलीत काही उरतच नाही, नुसता राखाडी चिखल. डिजिटलचं नेमकं उलटं: रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधल्या सावल्या तीन स्टॉप वर उचलता येतात, पण पांढरा भाग एकदा उडाला की गेला. वेरूळच्या कैलास लेण्याचं उदाहरण घ्या. समोर काळा बेसाल्ट, वर उन्हाचं आकाश. मीटर कुठल्याही गोष्टीला मध्यम राखाडी समजतो, म्हणून काळ्या दगडाला तो गरजेपेक्षा जास्त उजेड देतो. फिल्मवर ते खपतं. प्रिंट करताना आकाश जरा जाळून आणायचं, म्हणजे तेवढ्या भागाला जास्त उजेड देऊन गडद करायचं. डी७५०वर तोच हिशेब ठेवला तर आकाश पांढरं फटक. वारीत पांढऱ्या धोतर-टोप्यांची दिंडी समोर आली की मीटर उलटा फसतो आणि सगळ्यांना राखाडी करतो. फिल्मवर तिथे एक स्टॉप सरळ वाढवायचा. डिजिटलवर मीटर म्हणतो तिथेच थांबून हिस्टोग्राम (फोटोतला उजेड कसा विभागला ते दाखवणारा आलेख) बघायचा. थोडक्यात, फिल्मवर सावली मोजायची, डिजिटलवर उजेड सांभाळायचा. एका दिवसात दोन्ही गळ्यात घालून फिरणाऱ्याच्या दोन्हीकडे चुका होतात, म्हणून एका दिवशी एकच बॉडी न्यावी.

मांडवात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये तुलनाच नाही. डी७५० आयएसओ ६४०० वर एफ/२ आणि १/१२५ देतो. ४००ची फिल्म त्याच उजेडात १/८ मागते. एचपी५ला १६०० समजून चालवता येतं, आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न मिसळलेल्या) द्रावणात १४ मिनिटं धुवायचं. दाणे मोठे होतात आणि सावल्या काळ्याकुट्ट. ज्यांना ते आवडतं त्यांना आवडतं. नवरीच्या शालूचं काम दाखवायचं असेल तर नाही.

घरी धुण्याची बहुतेक पुस्तकी कोष्टकं २० अंशांची आहेत आणि आपल्या नळाला मे महिन्यात ३० अंशांचं पाणी येतं. आयडी-११ मूळ द्रावणात एचपी५ला २० अंशांवर साडेसात मिनिटं. पाणी गरम असेल तर हा वेळ पाच मिनिटांच्या खाली जातो, आणि तितक्या कमी वेळात फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे दिसतात. म्हणून द्रावण १+१ पातळ करावं: २० अंशांवर १३ मिनिटं, २४ अंशांवर साधारण ९. पाणी २४ पर्यंत उतरवणं घरात जमतं. बाटली टबात ठेवायची, बर्फ बंद पिशवीत घालून टबात सोडायचा, थेट द्रावणात नाही. पॅटरसनच्या उजेडबंद टाकीत एका रोलला ३०० मिली पुरतं, म्हणजे १५० मिली द्रावण आणि १५० पाणी, वापरून फेकायचं. एक लिटरमध्ये सहा रोल निघतात.

पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करायची, पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा, दर वेळी तळ ओट्यावर आपटून बुडबुडे सोडवायचे. मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) दहा सेकंद, रॅपिड फिक्सर (चित्र उजेडात टिकवणारं द्रावण) १+४ पाच मिनिटं. फिक्सर अजून चालतो का, हे रोलच्या कापलेल्या जिभेचा तुकडा त्यात टाकून कळतं: तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट फिक्सिंग. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की फिक्सर बदला. पाण्याची टंचाई असेल तर वाहत्या नळाखाली धुवायची गरज नाही. टाकी भरून ५ वेळा उलटी करून ओतायची, पुन्हा भरून १०, पुन्हा भरून २०. एका रोलला लिटरभर पाण्यात काम होतं. मात्र सगळी पाणी एकाच तापमानाच्या आसपास हवीत. २४ अंशांच्या डेव्हलपरनंतर नळाचं ३१ अंशांचं पाणी ओतलं तर फिल्मच्या थराला सुरकुत्या पडतात, आणि त्यावर इलाज नाही. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्यावं. बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले थेंब स्कॅनमध्ये चंद्रावरच्या विवरांसारखे दिसतात.

दमट हवेतली अडचण वेगळीच. काळ्या पिशवीत हात घालून रोल टाकीतल्या चक्रीवर चढवताना दोन मिनिटांत घाम येतो, प्लास्टिकची चक्री ओलसर होते आणि फिल्म मध्येच अडकते. जबरदस्ती केली की घडी पडते, फोटोवर अर्धचंद्र उमटतो. चक्री आदल्या रात्रीपासून वाळलेली हवी, पंख्याखाली बसावं, फिल्मच्या टोकाचे दोन कोपरे कात्रीने जरा गोल करावेत. अडकलीच तर सगळं टाकीत टाकून झाकण लावायचं आणि हात बाहेर काढून पुसायचे. घाई कशाचीच नसते.

लॅबचे नेहमीचे स्कॅन साधारण ३००० बाय २००० पिक्सेलचे असतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. रंग कोण ठरवतं? यंत्र आणि ते चालवणारा माणूस. एकच निगेटिव्ह दोन लॅबना दिली तर एक पिवळट येते, दुसरी हिरवट, आणि लोक दोन्हीला फिल्मचा रंग म्हणून दाद देतात. हिशेब मांडा: रोल हजारचा धरला, धुणं आणि स्कॅन सहाशे, तर ३६ फोटोंना १६००, म्हणजे फोटोमागे ४४ रुपये. भाव महिन्यागणिक हलतात, पण गणित हेच. एवढ्या पैशांत हाती येते दुसऱ्याने रंग ठरवलेली छोटी जेपीजी. कृष्णधवल घरी धुतली तर फोटोमागे तीसच्या आसपास, आणि निगेटिव्ह कशी निघावी हे ठरवणारे तुम्ही.

ती निगेटिव्ह स्क्रीनवर आणायला मात्र डी७५०च लागतो. ६० मिमी मायक्रो निक्कोरला (अगदी जवळून फोटो काढायची वेगळी लेन्स) ईएस-२ हे जोडसाधन लावलं की निगेटिव्ह लेन्सला बरोबर समांतर राहते. मागे चांगल्या रंगगुणांकाचं (रंग खरे दाखवणारं) एलईडी पॅनेल, खोलीतला दिवा बंद, आयएसओ १००, एफ/८, रॉ. कृष्णधवल फाइलची कर्व्ह (सॉफ्टवेअरमधली उजेड-अंधाराची रेघ) उलटी केली की काम झालं. रंगीत निगेटिव्हचा केशरी थर काढणं मात्र किचकट. पहिल्या दहा फ्रेम निळ्या येतात. धूळ हा दोन्हींतला सामाईक शत्रू. डिजिटलमध्ये ती सेन्सरवर बसते आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसते. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढून महिन्यातून एकदा तपासावं. फिल्मला दर फोटोला नवा पडदा मिळतो, पण ती वाळताना धूळ धरते. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेन्स बदलू नये, हे दोन्हींना लागू. गुलाल मऊ कोरड्या ब्रशनेच काढायचा. ओलं फडकं लावलं की रंग कडीच्या फटीत उतरतो आणि वर्षभर बोटांना लागत राहतो.

जुनी एफएम२ घेताना, मुंबईत फोर्टच्या बोरा बाझारात असो वा इतर कुठे, चार गोष्टी बघाव्यात. मागच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटला तर तो बदलावा लागेल. काम स्वस्त आहे, पण ते केल्याशिवाय रोल घालू नये, उजेड गळून केशरी पट्टे येतात. झाकण उघडून १/४००० ला शटर उडवून पांढऱ्या भिंतीकडे बघावं, पडद्यांमधून उजेडाची झलक दिसली पाहिजे. हळू स्पीड मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मोजता येतात: १/१५ म्हणजे साधारण १६ फ्रेम. मीटर डी७५०शी एकाच भिंतीवर ताडून बघावा. अर्ध्या स्टॉपचा सततचा फरक आयएसओच्या चकतीवर भरून काढता येतो, हेलकावे खाणारा मीटर नाही. आणि लेन्समधून टॉर्च तिरकी मारावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. भाव कितीही पाडला तरी परत द्यावी.

पावसाळ्यात बुरशी दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच लागते. चामड्याची केस ही तिची आवडती जागा, म्हणून केस वेगळी, कॅमेरा वेगळा. रबरी कडीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला की पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जुलैत दोनशे ग्रॅम जेल दहा-बारा दिवसांत थकतं. रंग बदलला की ११०–१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. केशरी घ्या, आणि त्यालाही भांडं वेगळंच ठेवा.