सेल मारला नव्हता, म्हणून सव्वादोन हजारांत सुटलो

गाडीच्या इंजिनात नट पडला म्हणून गॅरेजच्या मिस्त्रींना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "सेल मारलासा काय?" म्हणजे चावी फिरवून स्टार्टर मारला का. नट कुठला, पडला कसा, ते नंतर. नाही म्हटल्यावर लगेच हुकूम, "मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा आन् चावी घरात ठिवा. पोरं हात लावत्यात."

चूक सगळी माझी. गाडी 2012 ची वॅगनआर, 998 सीसी, तीन सिलिंडर. रविवारी फिल्टर बदलायला एअर फिल्टरचा डबा काढला. काढलाच आहे तर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारं तोंड, तेही पुसू म्हणून क्लीनरचा स्प्रे घेऊन बसलो. एका हाताच्या बोटानं त्यातली झडप, बटरफ्लाय, उघडून धरलेली, दुसऱ्या हातात फडकं, आणि डब्याचा नट तिथंच काठावर ठेवलेला. का ठेवला, विचारू नका. कोपर लागलं आणि नट आत. टक्, टक्, मग काही नाही. मार्केट यार्डात दिवाणजी आहे मी. हळदीच्या पोत्यांचा हिशेब चुकत नाही, पण दहाच्या पान्याचा एक नट सांभाळता आला नाही.

शेजारच्या काकांचा सल्ला, "चालू कर, सायलेन्सरमधनं जाईल बाहेर." आणखी एका ठिकाणी फोन केला तर गाडी न बघताच हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायचं, पंधरा हजार धरा, असं सांगितलं. म्हणून मेव्हण्यानं सांगलीतल्या शंभर फुटी रस्त्यावरच्या या गॅरेजचा नंबर दिला.

गाडी टोचन करून नेली. निघण्याआधी मिस्त्रींनी दोनदा बजावलं, गिअर न्यूट्रललाच ठेवा. गिअरमध्ये राहिली तर चाकंच इंजिन फिरवतात, मग सेल न मारून उपयोग काय? हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

तिथं गेल्यावर वाटलं, आता खोलाखोली. पण त्यांनी आधी तिन्ही स्पार्क प्लग काढले आणि वायरीच्या टोकाचा बारका कॅमेरा एकेका भोकातून आत सोडला. चित्र मोबाइलवर. कॅमेरा फार जवळ नेला की सगळं धूसर, म्हणून मिस्त्री तो बोटभर मागं ओढायचे, थांबायचे, पुन्हा फिरवायचे. पिस्टनचा काळा माथा, कडेला तेलाची ओलसर चमक, बाकी काही नाही. तिन्ही सिलिंडर मोकळे. मग लवचीक दांडीचा चुंबक थ्रॉटलमधून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, घातला आणि तिसऱ्या फेरीला नट चिकटून वर आला. मी पाकीट काढलं.

तर म्हणतात, "थांबा मालक. नट एकटाच हुता का खाली वायसर पण हुता?"

आठवेना. त्यांनी डब्याचा दुसरा नट बघितला, त्याला वायसर, म्हणजे नटाखालची चकती, होता. घरी फोन करून बायकोला पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन शोधायला लावलं. तिथं नाही. बोनेटखाली, खालच्या पत्र्यावर, कुठंच नाही. मग मात्र मॅनिफोल्ड उतरवला. वायसर मधल्या सिलिंडरच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, थेट इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आडवा पडलेला. चुंबक त्या वळणापर्यंत पोचतच नव्हता. व्हॉल्व्ह उघडला असता की गेला आत. पिस्टन वर आल्यावर कडेला हेडपासून जेमतेम मिलिमीटरभर फट उरते, आणि वायसर त्याहून जाड. मिस्त्री म्हणाले, 2019 च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हाही हेच. गाड्या पाण्यातून निघाल्या, लोकांनी घाईनं सेल मारले, आत राहिलेलं पाणी दाबलं जाईना आणि कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी आधी प्लग काढून पाणी काढलं त्यांची इंजिनं राहिली.

जोडणी झाल्यावरही चावी दिली नाही. इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाला, क्रँक पुलीला, पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवलं, कारण दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. कुठं अडलं नाही. मग प्लग बसवले, मग सेल.

मजुरी 1800, मॅनिफोल्डचं गॅस्केट 450. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं, त्याचा एक तारा कापलाय. आणि "दोन तासांत होतंय" म्हणून संध्याकाळचे साडेसहा केले, बसायला एकच स्टूल, त्यावर पण बॅटरी. कॅमेऱ्यात काय दिसतंय ते मात्र प्रत्येक वेळी मोबाइल माझ्याकडं वळवून दाखवलं, हे मी आजवर कुठल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरात बघितलेलं नाही.

पहिला दिवसभर सिग्नलला उभं असताना इंजिनची रेस थोडी वरखाली होत होती. थ्रॉटल साफ केला की होतं, आपोआप बसेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मंगळवारपर्यंत बसली. जुना वायसर त्यांनी कागदात गुंडाळून परत दिलाय, तो डॅशबोर्डच्या खणात आहे.