क्राऊन व्हिक्टोरिया की लसेबर?

ओहायोतला भाचा विचारतोय, "मामा, शनिवार-रविवारी गाडी खोलून हात काळे करायला जुनी मोठी सेडान घ्यायची आहे. फोर्ड क्राऊन व्हिक घेऊ की ब्यूइक लसेबर?"

बांधणीत दोघी अगदी वेगळ्या. क्राऊन व्हिक म्हणजे ट्रकसारखी वेगळी चॅसी (खालचा सांगाडा), 4.6 लिटरचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. लसेबरला 3.8 लिटरचं व्ही-6, म्हणजे सहा सिलिंडरचं, पुढच्या चाकांवर चालणारं. इंजिन आडवं बसवलंय, त्यामुळे मागच्या रांगेतले स्पार्क प्लग बदलताना मनगट सोलून निघतं. फोर्डचं बॉनेट उघडलं की कामाला जागा मिळते.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळण्याचा प्लास्टिकी रोग दोघींनाही. 2001 पर्यंतच्या बऱ्याच फोर्डमध्ये इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा प्लास्टिकचा भाग, तडकतो. ब्यूइकमध्ये मॅनिफोल्ड आणि कूलंटचे छोटे एल्बो (वाकडे नळीजोड) दगा देतात. एल्बो स्वस्त असतात, मॅनिफोल्डला मात्र अख्खा शनिवार जातो.

पोलिसातून निवृत्त झालेली फोर्ड स्वस्त दिसते, पण ती तासन्‌तास जागेवर इंजिन चालू ठेवून उभी राहिलेली असते, तेव्हा मीटरवरच्या मैलांवर जाऊ नकोस. डॅशबोर्डवर वायरलेस काढल्याची भोकंही मिळतील! लसेबर बहुधा एखाद्या आजोबांची, गॅरेजात सांभाळलेली. तिकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून कुठलीही घे, आधी खाली आडवा होऊन गंज बघ.

पेट्रोल ब्यूइक कमी पिते, बर्फातही बरी चालते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर तीच घे. निव्वळ खोलाखोली आणि व्ही-8 चा आवाज हवा असेल तर फोर्ड, पण पोलिसातली नको, घरगुती वापरातली शोध.